राणी दुर्गावती : धोक्याची चाहूल

प्रास्ताविक

अनुभवी वाहनचालक घाटात गाडीचा आवाज किंचित बदलला, तरी गाडी बाजूला घेतो. जाणता शेतकरी वाऱ्याचा रोख पाहून खळ्यावरचे धान्य झाकून ठेवतो. नेमके काय घडणार आहे, हे त्यांना त्या क्षणी शब्दांत सांगता येत नाही. तरीही सावध राहा, असे त्यांचे मन त्यांना सांगत असते. या आतल्या सूचनेला आपण चाहूल, अंदाज किंवा अंतःप्रेरणा म्हणतो. ती कोठून येते? तिच्यावर कितपत विसंबावे? आणि ती आपल्याला जाणवली, पण सोबतच्यांना पटली नाही, तर काय होते? सोळाव्या शतकातील गोंडवनाची राणी दुर्गावती हिच्या चरित्रात या प्रश्नांचे मोल फार मोठे ठरले. या पाठात आपण तिच्या जीवनाची ओळख करून घेणार आहोत.

पाठ

आजच्या मध्य प्रदेशातील जबलपूर शहराचा गढा हा भाग एके काळी एका विस्तीर्ण राज्याचे केंद्र होता. नर्मदेच्या दोन्ही तीरांवर, विंध्य आणि सातपुडा यांच्या डोंगररांगांत पसरलेल्या या राज्याला गढा-मंडला म्हणत. गोंड राजा संग्रामशाह याने बावन्न गढ जिंकून राज्याचा विस्तार केला, असे सांगितले जाते. त्याचा पुत्र दलपतशाह याच्याशी १५४२ मध्ये दुर्गावतीचा विवाह झाला.

दुर्गावतीचा जन्म ५ ऑक्टोबर १५२४ रोजी कालिंजरच्या किल्ल्यात चंदेल राजकुळात झाला, असे मानले जाते. माहेर राजपूत, सासर गोंड. दोन भिन्न परंपरांची ही सोयरीक त्या काळात सामान्य नव्हती. दुर्गावतीने मात्र सासरचा मुलूख आपलासा केला. १५४५ मध्ये तिला वीरनारायण हा पुत्र झाला. पुढे काही वर्षांतच दलपतशाहाचे निधन झाले. गादीचा वारस अवघा पाच वर्षांचा होता. अशा वेळी भाऊबंदकी माजते, सरदार स्वतंत्र होऊ पाहतात आणि शेजारी राजे सीमेकडे डोळे लावून बसतात. दुर्गावतीने बाळराजाला गादीवर बसवले आणि राज्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. अधार कायस्थ आणि मान ब्राह्मण हे दोघे तिचे विश्वासू मंत्री होते.

राणीने राजधानी सिंगोरगढहून सातपुड्यातील चौरागढ येथे हलवली. चौरागढ हा उंच डोंगरावरचा, चढून जाण्यास अवघड असा किल्ला होता. संकट येण्यापूर्वीच त्याचा विचार करण्याची तिची वृत्ती या निर्णयातून दिसते. प्रजेच्या पाण्याची सोय करण्याकडेही तिचे लक्ष होते. जबलपुरातील राणीताल हा तलाव तिने, चेरीताल तिच्या दासीने आणि अधारताल अधार कायस्थाने बांधविला, अशी परंपरा आहे. या तलावांची नावे आजही तेथील वस्त्यांना चिकटून आहेत.

माळव्याचा सुलतान बाजबहादूर याने गोंडवनावर स्वारी केली, तेव्हा राणीने त्याचा पराभव केला. तिच्या पदरी वीस हजार घोडदळ आणि एक हजार हत्ती असल्याची नोंद ‘अकबरनामा’ या ग्रंथात आहे. हा ग्रंथ लिहिणारा अबुल फजल हा अकबर बादशहाच्या दरबारातील होता, म्हणजे राणीच्या शत्रुपक्षातला. तरीही त्याने तिच्या शौर्याची आणि राज्यकारभाराची मनापासून वाखाणणी केली आहे. ती बंदूक आणि धनुष्यबाण दोन्ही चालविण्यात निष्णात होती. वाघ दिसल्याची वर्दी आली, की त्याची शिकार केल्याशिवाय ती पाणी पीत नसे, असे तो लिहितो.

ही शिकारीची आवड केवळ राजविलास म्हणून सोडून देण्यासारखी नाही. जंगलात वाघ क्वचितच प्रथम दिसतो. आधी त्याची चाहूल लागते. वानरे एकाएकी ओरडू लागतात, सांबर इशारा देते, पाखरे अचानक गप्प होतात. गोंडवनातील वनवासी माणसाला या खुणा जन्मापासून ठाऊक असतात. त्याला त्यांचा हिशोब मांडावा लागत नाही. पाऊल आपोआप थांबते. वर्षानुवर्षे अरण्यात वावरलेल्या राणीलाही डोंगर, नाले, खिंडी आणि पाऊसपाणी यांची अशीच जाण आली असली पाहिजे. अंतःप्रेरणा म्हणजे काही दैवी चमत्कार नव्हे. पुष्कळ दिवसांचे पाहणे आणि ऐकणे मनात साठत जाते. प्रसंग येताच ते एका क्षणात निर्णयाच्या रूपाने बाहेर पडते.

१५६१-६२ या काळात मोगलांनी माळवा जिंकला आणि अकबराच्या साम्राज्याची सीमा गोंडवनाला येऊन भिडली. कडा येथील मोगल सुभेदार आसफखान याची दृष्टी या संपन्न राज्याकडे वळली. त्याने प्रथम हेर आणि व्यापारी पाठवून तेथील वाटा आणि संपत्ती यांची माहिती काढली. मग सीमेवरची गावे लुटण्यास प्रारंभ केला. १५६४ मध्ये दहा हजार घोडदळ घेऊन तो दमोहपर्यंत आला. त्या वेळी राणीचे सैन्य पांगलेले होते. पुष्कळ सैनिक आपापल्या कुटुंबांच्या काळजीने घरी गेले होते आणि राणीजवळ पाचशेच माणसे उरली होती. अधार कायस्थाने ही वस्तुस्थिती तिच्यापुढे स्पष्टपणे मांडली. परंतु अपमानाने जगण्यापेक्षा लढत मरण पत्करण्याचा राणीचा निश्चय ढळला नाही.

उघड्या मैदानावर मोगलांशी लढणे म्हणजे पराभव ओढवून घेणे, हे ती जाणून होती. म्हणून तिने गढ्याच्या पूर्वेला नर्रई ही जागा निवडली. चहूबाजूंनी डोंगर, एकीकडे गौर नदी, दुसरीकडे नर्मदा आणि आत शिरण्यास अरुंद खिंड अशी तिची रचना होती. येथे घोडदळाचा वेग आणि संख्याबळ दोन्ही निष्प्रभ ठरणार होते. हळूहळू तिच्याभोवती सुमारे पाच हजार सैनिक जमा झाले.

मोगलांच्या एका तुकडीने खिंडीचे तोंड काबीज केले. त्या चकमकीत राणीचा हत्तीदलाचा प्रमुख अर्जुनदास बैस मारला गेला. तेव्हा राणी स्वतः शिरस्त्राण घालून हत्तीवर बसली. शत्रूला आत येऊ देऊन तिने त्याच्यावर जोरदार हल्ला चढवला. मोगलांचे सुमारे तीनशे सैनिक पडले, उरलेले मागे हटले आणि राणीने त्यांचा पाठलाग केला. दिवस तिच्या बाजूने संपला.

त्या संध्याकाळी राणीने आपल्या सरदारांना एकत्र बोलावले. सैन्यात विजयाचा आनंद होता. राणीच्या मनात मात्र उद्याची चिंता होती. रात्रीच छापा घालून शत्रूचा पुरता मोड करावा, असा तिचा आग्रह होता. आपण थांबलो, तर सकाळी आसफखान स्वतः येईल, खिंड ताब्यात घेईल आणि तेथे तोफा उभ्या करील. आज सोपे असलेले काम उद्या अशक्य होईल, हे तिने सर्वांना सांगितले. सरदारांना ते पटले नाही. दिवसभराच्या लढाईने माणसे थकली होती आणि शत्रू तर पळाला होता. राणीचा सल्ला कोणीही मानला नाही. अखेर ती मृतांच्या नातलगांचे सांत्वन करण्यास निघून गेली.

सकाळी तिचा शब्द न् शब्द खरा ठरला. आसफखान तोफखान्यासह आला आणि त्याने खिंडीची वाट रोखली. जी जागा काल राणीची ढाल होती, तीच आज तिचा कोंडवाडा झाली. रात्रीच्या पावसाने मागचा नाला दुथडी भरून वाहू लागला आणि परतीची वाट बंद झाली, असेही लोकपरंपरेत सांगतात.

राणी सरमन नावाच्या आपल्या हत्तीवर आरूढ होऊन रणात उतरली. तरुण वीरनारायणाने तीन वेळा मोगलांना मागे रेटले. तिसऱ्या वेळी तो जखमी झाला. राणीने त्याला सुरक्षित स्थळी पाठविले. त्याच्याबरोबर बरेच सैनिक गेले आणि राणीजवळ तीनशेच उरले. तरीही ती लढत राहिली. एक बाण तिच्या कानशिलात घुसला. तिने तो उपसून फेकला, पण त्याचे टोक आतच राहिले. दुसरा बाण मानेत लागला आणि तिला मूर्च्छा आली. शुद्धीवर येताच लढाई हरल्याचे तिने ओळखले. शत्रूच्या हाती जिवंत सापडू नये, म्हणून तिने आपल्या माणसाला स्वतःचा अंत करण्याची आज्ञा केली. त्याचा हात धजेना. तेव्हा तिने स्वतःच खंजीर खुपसून देह ठेवला. २४ जून १५६४ हा तिचा बलिदान दिन मानला जातो. पुढे चौरागढ लढवताना वीरनारायणही धारातीर्थी पडला.

जबलपूरहून मंडल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बरेला गावाजवळ राणीची समाधी आहे. १९८३ मध्ये जबलपूर विद्यापीठाला तिचे नाव देण्यात आले. १९८८ मध्ये भारतीय डाक विभागाने तिच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

रात्री छापा घातला असता, तर मोगलांचे राज्य गोंडवनात कधीच आले नसते, असे म्हणता येणार नाही. साम्राज्याची शक्ती मोठी होती. परंतु त्या रात्री धोका कोठून आणि कसा येणार, हे एकाच व्यक्तीला दिसले होते. राणीची चाहूल म्हणजे अकारण भीती नव्हती. भीती माणसाला गोंधळात टाकते. राणीला मात्र शत्रूची पुढची चाल स्वच्छ दिसत होती आणि तिच्यावरचा उपायही तिच्याजवळ तयार होता. सरदार शूर होते, निष्ठावंत होते. त्यांची चूक एवढीच, की आजच्या विजयाला त्यांनी उद्याची सुरक्षितता मानले.

आपल्या मनात अशी सूचना उमटली, तर तिला हसून उडवून लावू नये. ती कशावरून आली, हे शांतपणे तपासावे आणि वेळ असेतो पाऊल उचलावे. आणि जवळच्या एखाद्या जाणत्या माणसाने धोक्याचा इशारा दिला, तर आपण थकलेले असलो, तरी तो ऐकून घ्यावा.

स्वाध्याय

१. राणीने लढाईसाठी नर्रई ही जागा का निवडली?
२. राणीचा रात्रीचा बेत सरदारांनी का नाकारला? त्याचे परिणाम काय झाले?
३. भीती आणि धोक्याची चाहूल यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या कामाच्या ठिकाणी धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या कोणत्या खुणा असतात? आठ ते दहा ओळींत लिहा.