युजीन डेब्ज

अमेरिकेतील इंडियाना राज्यात टेरे होट या गावी १८५५ साली युजीन डेब्ज यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते रेल्वेच्या कारखान्यात काम करू लागले. पुढे कामगारांचे पुढारी म्हणून त्यांचा लौकिक झाला.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सैन्यभरतीत अडथळा आणणे हा कायद्याने गुन्हा ठरला. परंतु राज्यघटनेने तर नागरिकांना भाषणस्वातंत्र्य दिले होते! १६ जून १९१८ रोजी कँटन शहरी डेब्ज यांनी युद्धाविरुद्ध भाषण केले. त्यांच्यावर खटला भरण्यात आला. न्यायालयात त्यांनी आपले शब्द नाकारले नाहीत. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. तो निकाल न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका खटल्यात मात्र होम्स यांनी सहकाऱ्यांहून वेगळे मत देऊन भाषणस्वातंत्र्याची बाजू उचलून धरली.

१९२० साली डेब्ज यांनी तुरुंगातूनच अध्यक्षपदाची निवडणूक लढविली. त्यांना नऊ लाखांहून अधिक मते पडली. अध्यक्ष हार्डिंग यांनी शिक्षा कमी केल्यामुळे १९२१ च्या नाताळच्या दिवशी ते मुक्त झाले. १९२६ साली त्यांचे निधन झाले.

युद्धकाळी राष्ट्राचे रक्षण करावे आणि नागरिकाचा हक्कही राखावा, हे कठीण कर्तव्य आहे. डेब्ज यांचे चरित्र त्याची आठवण करून देते.