ब्रॅग आणि मिठाचा खडा

मुलांनो, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या तुम्हांला मीठ काही नवीन नाही. जाड्या मिठाचा एक खडा भिंगाखाली धरून पाहा. त्याच्या कडा सरळ आणि कोपरे काटकोनी दिसतील. त्या खड्याच्या आत काय आहे, हे १९१३ साली कळले. ते शोधणाऱ्या बापलेकांपैकी बापाची ही हकीकत आहे.

विल्यम हेन्री ब्रॅग यांचा जन्म २ जुलै १८६२ रोजी इंग्लंडमधील एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते सात वर्षांचे असताना त्यांची आई वारली. केंब्रिजला गणित शिकून १८८६ साली ते ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे पदार्थविज्ञानही शिकवायचे होते आणि ते त्यांना फारसे येत नव्हते! बोटीच्या प्रवासात त्यांनी त्याची पुस्तके वाचून काढली. प्रयोगशाळेत उपकरणेही पुरेशी नव्हती. तेव्हा हे प्राध्यापकसाहेब उपकरणे बनवणाऱ्या कारागिरांकडे उमेदवारी करून ते काम शिकले. स्वतःचे संशोधन सुरू केले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

१९०९ साली ते इंग्लंडमध्ये लीड्सला आले. स्फटिकातून क्ष-किरण गेले, की काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटते, असे १९१२ साली जर्मनीत दिसून आले. ब्रॅग यांचा थोरला मुलगा लॉरेन्स याने त्यामागचे गणित शोधले. पण पडताळा कसा घ्यायचा? येथे वडिलांची जुनी उमेदवारी कामी आली. जेन्किन्सन या कारागिराच्या मदतीने त्यांनी एक उपकरण बनवले. मधोमध स्फटिक, एका बाजूने क्ष-किरण, दुसऱ्या बाजूला ते मोजणारी वायूची नळी. स्फटिक हळूहळू फिरवत जायचे. ठरावीक कोनांतच किरण जोराने परावर्तित होत. त्या कोनांवरून अणूंच्या थरांमधले अंतर काढता येई. मिठात सोडियम आणि क्लोरीन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटूनपालटून बसलेले आढळले. काही जुन्या रसायनशास्त्रज्ञांना हे पुढे कित्येक वर्षे पटले नाही.

१९१५ साली बापलेकांना मिळून नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्याआधी दोनच महिने धाकटा मुलगा रॉबर्ट तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला होता.

१९२३ साली ब्रॅग लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेले आणि तेथे त्यांनी तरुण संशोधकांचा गट जमवला. कोणी कशावर काम करावे, हे ते लादत नसत. त्या काळी प्रयोगशाळांत स्त्रिया क्वचितच दिसत. ब्रॅग यांच्या गटात मात्र त्या होत्या. कॅथलीन लॉन्सडेल यांना लहान मुलांमुळे घर सोडता येईना, तेव्हा घरकामाला बाई ठेवता यावी म्हणून ब्रॅग यांनी पैशांची तजवीज केली. १९४५ साली रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना सदस्य केले. त्यांतील एक लॉन्सडेल होत्या.

१२ मार्च १९४२ रोजी ब्रॅग वारले. मुलांसाठी नाताळात दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांचे एक पुस्तक झाले होते. ते एका आईने आपल्या मुलीला, डोरोथीला, भेट दिले. पुढे ही मुलगी ब्रॅग यांच्याच गटातून निघालेल्या बर्नाल यांच्याकडे शिकली. १९६४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या डोरोथी हॉजकिन त्या याच.