मक्याच्या शेतातील संशोधिका

बार्बारा मॅक्लिंटॉक ह्यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेतील हार्टफर्ड ह्या नगरात झाला. मुलगी फार शिकली तर तिचे लग्न कसे जमावे, ही चिंता त्यांच्या आईला होती. वडिलांनी मात्र लेकीची बाजू घेतली आणि १९१९ साली त्या कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाल्या. तेथेच १९२७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. लग्न त्यांनी पुढे केलेच नाही.

आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते जनुकांमुळे. ही जनुके पेशीतील गुणसूत्रांवर माळेतील मण्यांसारखी आपापल्या जागी ओवलेली असतात, असे त्या काळी मानीत. मणी जागा सोडील, ही कल्पनाच कोणाला मानवत नसे.

१९४१ च्या अखेरीस बाई न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधनकेंद्रात आल्या. मका पेरावा, त्याची निगा राखावी, कणसे सोलून दाणा न् दाणा न्याहाळावा, हा त्यांचा क्रम. काही दाणे ठिपकेदार निघत. हे ठिपके कोठून आले? वर्षानुवर्षे पारख करून त्यांनी उलगडा केला. एक फिरता तुकडा रंगाच्या जनुकात जाऊन बसला की रंग लोपतो. दाणा वाढत असता एखाद्या पेशीतून तो निघून गेला की त्या पेशीच्या संततीत रंग परततो आणि ठिपका उमटतो. तुकडा लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक!

१९५१ साली त्यांनी हे विद्वानांच्या सभेत मांडले. बहुतेकांना ते नीट उमगले नाही. १९५३ नंतर बाईंनी विद्वानांच्या नियतकालिकांत लिहिणे बरेच कमी केले. मका पेरणे मात्र सोडले नाही.

पुढे जिवाणूंत व फळमाश्यांतही असे तुकडे सापडले, आणि १९८३ साली वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पिकल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी चिमुकली फळमाशी तुम्ही पाहिली असेल. प्रयोगशाळांत फार पूर्वीपासून पाळलेल्या फळमाश्यांत 'पी' नावाचा फिरता तुकडा नव्हता. बाहेरून नव्याने धरलेल्या माश्यांत तो होता. म्हणजे विसाव्या शतकातच तो कोठून तरी आला होता. अमेरिका खंडातील निराळ्याच जातीच्या फळमाशीतून तो आला, हे १९९० साली दिसून आले. ह्या दोन जातींचा संकर होत नाही, तरीही! माश्यांची अंडी शोषणाऱ्या एका सूक्ष्म कोळ्याने तो वाहून नेला असावा, असा तर्क आहे.

२ सप्टेंबर १९९२ रोजी बाई निवर्तल्या. 'पी' तुकडा मात्र थांबलेला नव्हता. तो तिसऱ्या एका जातीच्या फळमाशीतही शिरल्याचे २०१५ साली आढळले.