गणितात सगळ्यांच्या पुढे, तरी परीक्षेत दोनदा नापास! रामानुजन यांची ही गोष्ट प्रत्येक पालकानं वाचावी

निकाल लागला की गावात एकच विषय, कुणाच्या पोराला किती टक्के पडले? एका-दोन मार्कांवरून पोरं रडतात, आईबाप चिडतात. पण एका विषयात भन्नाट हुशार असलेलं पोरगं बाकीच्या विषयांत अडकलं तर काय होतं? ते बघायचं असेल तर श्रीनिवास रामानुजन यांचं आयुष्य बघा.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ ला तमिळनाडूतल्या इरोडचा. वाढले कुंभकोणमला. वडील कापडाच्या दुकानात कारकून, पगार तुटपुंजा. १८९७ साली प्राथमिकच्या परीक्षेत पोरगं जिल्ह्यात पहिलं आलं. पण गणितात एकदा ४५ पैकी ४२ मार्क पडले आणि वर्गमित्राला ४३. बाकी सगळ्या विषयांत पुढे असूनही रामानुजन रडत घरी गेले, मित्राशी बोलणं बंद केलं, असं सांगतात. एक मार्क किती लागतो, हे त्यांनाही ठाऊक होतं!

हायस्कूलमध्ये मात्र गणितात त्यांचा हात कुणी धरू शकेना. १९०४ मध्ये गणिताचं बक्षीस देताना हेडमास्तरांनी भर सभेत सांगितलं की, या मुलाला पैकीच्या पैकी मार्क दिले तरी ते कमीच पडतील.

मग कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. इथंच गाडी अडली. दिवसरात्र डोक्यात फक्त गणित. इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. आई प्राचार्यांना जाऊन भेटली, पण नियम तो नियम. १९०५ मध्ये पोरगं कुणाला न सांगता घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेलं.

पुढे मद्रासला पचय्यप्पा कॉलेजात दुसरा प्रयत्न केला. तीन तासांचा गणिताचा पेपर ते अर्ध्या तासात सोडवायचे. पण शरीरशास्त्रात चिरफाडीची किळस, त्यात मार्क पडेनात. एफ.ए.ची परीक्षा पास व्हायला सगळे विषय सुटावे लागत. १९०६ ला नापास. १९०७ ला पुन्हा नापास. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

मास्तर वाईट नव्हते, पेपर तपासणाराही खोटा नव्हता. नियमच असा की सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं.

त्यानंतरची वर्षं फार हालाची. कागद महाग, म्हणून गणितं पाटीवर करायची, कोपरानं पुसायची आणि फक्त उत्तर वहीत उतरवायचं. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकुनी मिळाली. १६ जानेवारी १९१३ ला त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र पाठवलं, सोबत आपली सूत्रं जोडली. पत्र वाचून हार्डी चकित झाले.

मग चक्र फिरलं. ज्या मद्रास विद्यापीठाच्या परीक्षेत नापास झाले, त्याच विद्यापीठानं त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. १९१४ ला ते इंग्लंडला गेले. १९१६ मध्ये संशोधनाच्या जोरावर केंब्रिजची पदवी मिळाली आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पण तब्येत ढासळली. मायदेशी परतल्यावर २६ एप्रिल १९२० ला, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते गेले.

हार्डी यांनी पुढे गणिती प्रतिभेला १०० पैकी मार्क दिले होते. स्वतःला २५, जर्मनीच्या हिल्बर्ट यांना ८० आणि रामानुजन यांना पूर्ण १००.

आज २२ डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिवस आहे. सगळे विषय अभ्यासावेच लागतात, त्यात वाद नाही. पण घरातलं पोरगं एका विषयात अडकलं तर गुणपत्रिका भिरकावण्याआधी त्याला एक विचारा, बाळा, तुला नक्की काय जमतं?