ऑटो लिलिएंथाल : पंखाचा कोन मोजणारा माणूस



पायलट व्हायचं म्हणून अभ्यासाला बसलात की पहिल्या काही धड्यांतच चार शब्द भेटतात : लिफ्ट, ड्रॅग, अँगल ऑफ अटॅक आणि स्टॉल. व्याख्या पाठ होतात, परीक्षेत लिहिताही येतात. पण स्टॉल का होतो असं विचारलं, तर बहुतेक जण सांगतात, वेग कमी झाला म्हणून. हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर ज्यांच्या आयुष्यातून आणि मृत्यूतून कळतं, त्या ऑटो लिलिएंथाल यांची आज ओळख करून घेऊ.

बालपण

ऑटोचा जन्म २३ मे १८४८ रोजी प्रशियातल्या आंक्लाम या छोट्या गावी झाला. आज हे गाव जर्मनीच्या ईशान्येला येतं. वडील कापडाचे व्यापारी होते. घरात आठ मुलं जन्मली, पण जगली तीनच : ऑटो, त्याच्यापेक्षा वर्षभराने लहान गुस्ताव आणि बहीण मारी. ऑटो तेरा वर्षांचा असताना वडील वारले आणि घराचा भार आईवर आला.

गावाबाहेर कुरणं होती आणि तिथे करकोचे उतरत. हा जड पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून धावतो, पंख पसरतो आणि अलगद वर उचलला जातो, हे दोघा भावांनी तासन् तास पाहिलं. शाळेत असतानाच त्यांनी लाकडी पट्ट्यांचे पंख बनवले. सोबती हसतील म्हणून ते रात्री टेकडीवरून पळत सुटायचे. उडता काही आलं नाही, पण नाद सुटला नाही.

शिक्षण आणि धंदा

पुढे ऑटोने पॉट्सडॅमच्या तंत्रशाळेत शिक्षण घेतलं, बर्लिनमध्ये यंत्रांच्या कारखान्यात हाताने काम केलं आणि मग तिथल्याच तंत्र अकादमीतून तो इंजिनिअर झाला. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैनिक म्हणूनही गेला.

आता आपण त्यांना लिलिएंथाल म्हणू. त्यांनी बर्लिनमध्ये बॉयलर आणि वाफेच्या इंजिनांचा कारखाना काढला. नळ्यांच्या वेटोळ्यांचा, स्फोटाची भीती कमी असलेला बॉयलर ही त्यांची खासियत. कारखान्याच्या नफ्यातला चौथा हिस्सा ते कामगारांना देत. लहान मुलांसाठीचे दगडी ठोकळे भावासोबत त्यांनीच शोधले. त्याचे हक्क दुसऱ्याने विकत घेतले आणि त्यावर मोठा धंदा उभा राहिला. घरी पत्नी ॲग्नेस आणि चार मुलं. म्हणजे बघा, हा माणूस संसारी होता, हिशेबी होता. उडण्याचं वेड होतं, पण वेडेपणा नव्हता.

आधी मोजमाप, मग उड्डाण

त्या काळी उडू पाहणारे पुष्कळ होते. बहुतेक जण आधी यंत्र बनवत आणि मग ते का उडत नाही याचा विचार करत. लिलिएंथाल यांनी उलटा क्रम धरला. १८७० च्या दशकात त्यांनी गुस्तावबरोबर एक फिरतं यंत्र बनवलं. मधोमध उभा खांब, त्यावर आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला छोटा पंख. वजन खाली सोडलं की दांडा गोल फिरायचा आणि पंखावर हवा किती जोर लावते ते मोजता यायचं.

पंखाचा कोन थोडा थोडा बदलत त्यांनी नोंदी केल्या. सपाट पंख आणि वर किंचित फुगीर असलेला पंख, दोन्ही तपासले. हे तुम्हीही करून बघा. टेबलफॅनसमोर पुठ्ठा आडवा धरा आणि पुढची कड जरा वर करा. हाताला पुठ्ठा वर उचलला गेल्यासारखा वाटेल. ती लिफ्ट. मागेही थोडा ढकलला जाईल. तो ड्रॅग. आता कड वाढवत न्या. एका कोनापुढे वर उचलणं कमी होतं आणि नुसतं मागे ढकलणं उरतं. आता पुठ्ठा हलकासा वाकवून, फुगीर बाजू वर ठेवून हेच पुन्हा करा. लहान कोनातही तो जास्त उचलला जातो.

लिलिएंथाल यांच्या आकड्यांनी हेच दाखवलं. फुगीर पंख लहान कोनात सपाट पंखापेक्षा कितीतरी जास्त लिफ्ट देतो आणि कोन शून्य असला तरी थोडी लिफ्ट देतो. प्रत्येक कोनाला लिफ्ट किती आणि ड्रॅग किती, हे त्यांनी एकाच आलेखात मांडलं. तुमच्या पुस्तकात पोलर नावाचा जो आलेख आहे, त्याचं मूळ इथे आहे. १८८९ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकरूपाने छापलं. पक्ष्यांचं उड्डाण हाच माणसाच्या उड्डाणकलेचा पाया, असा त्या पुस्तकाचा विषय होता.

टेकडीवरून हवेत

१८९१ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, डेरविट्झ गावाजवळच्या उतारावरून त्यांनी सुमारे २५ मीटरची झेप घेतली. १८९३ मध्ये रिनो टेकड्यांवरून ते २५० मीटरपर्यंत जाऊ लागले. वारा रोज दिशा बदलतो, म्हणून १८९४ मध्ये त्यांनी बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड इथे १५ मीटर उंचीची गोल टेकडीच रचून घेतली. वारा कुठूनही आला तरी त्याच्याकडे तोंड करून धावता यावं, एवढ्यासाठी! आजही टेकऑफ वाऱ्याच्या समोरून का करतात, याचं उत्तर त्या टेकडीत आहे. पंखाला जमिनीवरचा वेग कळत नाही, हवेतला वेग कळतो.

त्यांचं सर्वात यशस्वी ग्लायडर विलोच्या काठ्यांचं आणि सुती कापडाचं होतं. वजन सुमारे २० किलो, पंखांची रुंदी ६.७ मीटर. असे ग्लायडर त्यांनी बनवून विकलेही. एक रशियातले शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी नेलं आणि ते आजही मॉस्कोत जपून ठेवलेलं आहे. लिलिएंथाल यांचे हवेतले फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. माणूस खरंच उडतोय हे लोकांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते त्या फोटोंत.

ग्लायडर वळवायचं कसं? आज तुमच्या हाताशी एलिव्हेटर, एलेरॉन आणि रडर आहेत. त्यांच्या ग्लायडरला शेपटी होती, पण उडताना पायलटच्या हातात यातलं काहीच नव्हतं. ते पंखांच्या मध्ये हातांवर लोंबकळायचे आणि पाय व कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुलवायचे. वजन सरकलं की ग्लायडर त्या बाजूला झुके. वरचं अंग चौकटीत अडकलेलं असल्यामुळे वजन सरकवायला जागा मात्र फार थोडी होती. शांत हवेत तेवढं पुरायचं.

९ ऑगस्ट १८९६

त्या रविवारी ते श्टोलन गावाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर गेले. सोबत त्यांचे मेकॅनिक पाउल बायलिख होते. ऊन होतं. आधीची उड्डाणं छान झाली. नंतरच्या एका उड्डाणात तापलेल्या जमिनीवरून उठलेल्या हवेच्या झोताने ग्लायडरचं नाक वर केलं. ग्लायडर हवेत थबकलं. लिलिएंथाल यांनी पाय पुढे झोकून नाक खाली आणायचा प्रयत्न केला. ग्लायडरने नाक टाकलं आणि सुमारे १५ मीटरवरून ते जमिनीवर आपटले. मानेचा मणका मोडला. त्यांना बर्लिनला हलवलं. दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, त्यांचा मृत्यू झाला. वय ४८.

नेमकं काय झालं असेल? वहीत गणित मांडून बघू. समजा ग्लायडर सेकंदाला ११ मीटर वेगाने पुढे जातंय आणि खालून सेकंदाला ३ मीटरचा झोत आला. आता हवा पंखावर सरळ समोरून न येता खालून तिरकी येते. हा तिरकेपणा भरतो सुमारे १५ अंश. पंखाचा आधीचा कोन असेल त्यात हे १५ अंश एका क्षणात मिळवा. साधारण १५-१६ अंशांपुढे बहुतेक पंखांवरची हवा पाठीला धरून वाहत नाही, ती सुटते. लिफ्ट कोसळते, ड्रॅग वाढतो. यालाच स्टॉल म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट बघा, बरं का. झोत आला त्या क्षणी वेग कमी झालेला नव्हता. कोन वाढला होता. स्टॉल होतो तो कोनामुळे. वेग कमी झाला की उंची टिकवायला आपण नाक वर करत जातो, कोन वाढवत जातो, म्हणून दोष वेगाला मिळतो. तोच ३ मीटरचा झोत सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे साधारण ६५ नॉट, वेगाने उतरणाऱ्या ट्रेनर विमानाला लागला तर कोन फक्त ५ अंशांनी वाढेल. वेग आपल्याला वाचवतो तो असा.

आणि १५ मीटर उंचीवरून खाली यायला किती वेळ लागतो? दोन सेकंदांहून कमी. काय करायचं ते त्यांना माहीत होतं, पण करायला उंची नव्हती आणि हातात साधन नव्हतं.

त्यांच्यामागे

पाच वर्षांत त्यांनी दोन हजारांहून जास्त उड्डाणं केली. एकेक उड्डाण काही सेकंदांचं, त्यामुळे हवेतला सगळा वेळ मिळून भरतो जेमतेम पाच तास. आज सोलोला जाण्याआधी तुमच्या लॉगबुकमध्ये याहून जास्त तास असतात.

अमेरिकेत डेटन इथे सायकलीचं दुकान चालवणाऱ्या राईट बंधूंनी त्यांच्या मृत्यूची बातमी वाचली. त्यांनी लिलिएंथाल यांचे तक्ते वापरले. १९०१ च्या ग्लायडरला हिशेबापेक्षा फार कमी लिफ्ट मिळाली, तेव्हा तक्त्यांवर त्यांचा संशय गेला. मग घरीच हवेचा बोगदा बनवून त्यांनी सुमारे दोनशे छोटे पंख तपासले. तेव्हा कळलं की लिलिएंथाल यांची मोजमापं त्यांच्या पंखापुरती बरीच बरोबर होती. सगळेच जण हवेच्या दाबाचा जो जुना गुणांक वापरत, तो दीडपट मोठा होता.

त्यांनी दुसरा धडाही घेतला. शरीर झुलवून विमान सांभाळता येत नाही, पंख आणि शेपटीच हलवता आली पाहिजे. नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर त्यांनी विमानाच्या पुढे बसवला. त्यामागे लिलिएंथाल यांच्यासारखं नाकावर कोसळण्याची भीती हे एक कारण होतं. त्यांची ग्लायडर स्टॉल झाली तरी बहुधा सपाट खाली बसायची.

तर मित्रांनो, वेगाचा काटा पंखाचा कोन दाखवत नाही, हे कायम ध्यानात ठेवा. सेसना १७२ च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. कोन धोक्याजवळ गेला की तिथून हवा ओढली जाते आणि कॉकपिटमध्ये भोंगा वाजतो. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ते भोक बुजलेलं नाही ना, हे बघायला सांगतात. पुढच्या वेळी तिथे थोडं थांबा. आणि भोंगा वाजला की मन म्हणेल नाक ओढ, जमीन जवळ येतेय. तेव्हा आधी स्टिक पुढे, कोन कमी, मग बाकीचं. लिलिएंथाल यांना जे करायला दोन सेकंदही मिळाले नाहीत, ते करायला तुम्हाला उंची मिळते. म्हणूनच इन्स्ट्रक्टर स्टॉलचा सराव भरपूर उंचीवर घेतात.

विचार करा

१. ६० अंश बँकच्या सपाट वळणात पंखांवर दुप्पट भार येतो. मग स्टॉलचा वेग किती पटीने वाढेल? (सूचना : दोनाचं वर्गमूळ काढा.)

२. लिलिएंथाल यांच्या ग्लायडरचा वेग सेकंदाला २२ मीटर असता, तर तोच झोत कोन किती अंशांनी वाढवता?

३. गोल टेकडीऐवजी एकाच बाजूला उतार असलेली टेकडी असती, तर त्यांना कोणती अडचण आली असती?