कच्चे मडके

हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे गाव आहे. आज सारे लोक त्यास नरसी नामदेव असेच म्हणतात. संत नामदेवांचे घराणे या गावचे. त्यांचा जन्म १२७० साली झाला. वडील दामाशेटी शिंपीकाम करीत. आईचे नाव गोणाई. पुढे हे कुटुंब पंढरपुरास राहिले.

नामदेवांना बालपणापासून विठ्ठलभक्तीचे वेड. हाती सुई असे, पण चित्त राउळात. घरात माणसे पुष्कळ आणि मिळकत बेताची. मुलगा धंद्याकडे पाहत नाही म्हणून गोणाई कष्टी होई. पत्नी राजाईलाही संसाराची काळजी लागून राहिलेली. विठ्ठलाचा लाडका भक्त म्हणून नामदेवांचा लौकिक मात्र चहूकडे पसरला, आणि त्याबरोबर मनात थोडा अभिमानही शिरला.

एकदा संतांचा मेळा जमला असता जे घडले, ते परंपरेने असे सांगितले आहे. मुक्ताबाईने गोरोबा कुंभारांना जमलेल्या मंडळींची पारख करण्यास सांगितले. कुंभार ओले मडके ज्या लाकडी साधनाने ठोकून घडवितो, त्यास थापटणे म्हणतात. गोरोबांनी तेच उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटीत ते निघाले. सारे संत निमूटपणे बसून राहिले. नामदेवांची पाळी येताच मात्र ते संतापले. तेव्हा हे मडके अजून कच्चे आहे, असा निर्वाळा गोरोबांनी सर्वांदेखत दिला. कोणी म्हणतात, ही नामदेवांची थट्टा होती. मला तसे वाटत नाही. कच्च्या मडक्यात पाणी भरले तर ते विरघळते. म्हणून कुंभाराला पारख करावीच लागते.

हा घाव नामदेवांच्या जिव्हारी लागला. रागावून ते संतांचा सहवास सोडते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु ते गुरूच्या शोधात निघाले. कित्येक दिवसांची पायपीट करून ते औंढा नागनाथ येथे पोहोचले. तेथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते, असे सांगतात. नामदेवांनी त्यांना पाय काढण्यास विनविले. जेथे देव नसेल तेथे आपले पाय ठेव, असे विसोबांनी सुचविले. नामदेव जिकडे पाय नेत, तिकडे पिंड दिसू लागली. देव केवळ एका राउळात नाही, हे त्यांना त्या दिवशी उमगले. त्यांनी विसोबांना गुरू केले.

यापेक्षाही कठीण प्रसंग १२९६ साली आला. ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली, आणि वर्षभराच्या आत सोपान, मुक्ताबाई व निवृत्तिनाथ हेही गेले. ज्यांच्यासोबत तीर्थे हिंडली, ते सोबतीच उरले नाहीत. त्या वेळी नामदेव अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी ते दुःख अभंगांत ओतले. समाधीच्या प्रसंगाचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना आजही डोळे पाणावतात.

पुढे नामदेव उत्तरेकडे गेले. वाट अनोळखी, भाषा परकी. तरी त्यांनी तिकडच्या बोलीत पदे रचली आणि कीर्तनातून भक्तीचा प्रसार केला. पंजाबातील घुमान या गावी त्यांनी अनेक वर्षे वास्तव्य केले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत; ती पदे पंजाबातील मुले आजही गातात. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमान गावी भरले होते.

वृद्धापकाळी नामदेव पंढरपुरास परतले. १३५० साली त्यांनी तेथे देह ठेवला, असे महाराष्ट्रातील परंपरा मानते. मंदिरात येणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, एवढीच त्यांची इच्छा होती. महाद्वारातील पहिली पायरी त्यांच्या नावाने ओळखली जाते. वारकरी त्या पायरीवर पाऊल ठेवीत नाहीत. वाकून तिला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात आणि मग आत जातात.