ताराबाई मोडक : पाळणाघर असलेली शाळा

आज गावोगावी अंगणवाडी दिसते. तिथे मुलांचे वजन घेतले जाते, पोषण आहार मिळतो, लसीकरणाची आठवण दिली जाते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेतून ती पुढे देशभर पोहोचली. मात्र मुलाच्या अंगणात जाऊन त्याला शिकवण्याचा प्रयोग त्याच्या तीस वर्षे आधी, आजच्या डहाणू तालुक्यातील बोर्डीत सुरू झाला होता. तो करणाऱ्या होत्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे लग्न झाले, मुलगी झाली. पण संसार टिकला नाही. लहान मुलीची जबाबदारी सांभाळत त्यांनी राजकोटच्या अध्यापिका विद्यालयात प्राचार्यपद स्वीकारले. लहान मूल नेमके कसे शिकते, हा प्रश्न त्यांच्यासाठी घरचाही होता आणि अभ्यासाचाही. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. डॉक्टर असलेल्या मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये गरीब मुलांचे निरीक्षण करून बसवलेली पद्धत तिथे वापरली जात होती. मुलाला न टोकता पाहणे, नोंदी ठेवणे आणि त्यानुसार साधने बदलणे हा त्या पद्धतीचा गाभा होता.

ही पद्धत शहरी, सुखवस्तू मुलांपुरती राहते, याची खंत ताराबाईंना होती. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी तलासरी भागातील वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. या कामात त्यांना साहाय्यक मिळाल्या त्या अनुताई वाघ. बालपणीच लग्न होऊन काही महिन्यांत विधवा झालेल्या अनुताई पुण्यात शिक्षिका होत्या. वयाच्या पस्तिशीत त्या बोर्डीला आल्या आणि अखेरपर्यंत त्याच परिसरात राहिल्या.

बालवाडी उघडली, तरी वस्तीवरची गरीब मुले तिथवर येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्याचे ठरले. अनुताई वस्तीवर जात. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. माँटेसरींची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने आली. मोजणे, रंग ओळखणे, लहान-मोठे लावणे, सगळे त्यांवरच होई. ताराबाई आखणी करत, अनुताई ते रोज करून पाहत आणि काय जमले नाही ते सांगत. त्यावरून पुढची आखणी बदले.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे एक अडचण ठळकपणे पुढे आली. आईबाप मजुरीला गेले की सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. तिला शाळेत बोलावून उपयोग नव्हता, कारण भावंडाला सांभाळणार कोण? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. तीच विकासवाडी. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९९२ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, अनुताईंनी कोसबाडचे काम चालवले. ताराबाईंचे नाव मोठे झाले, पण त्यांचे प्रयोग वस्तीवर टिकले ते अनुताईंच्या रोजच्या फेऱ्यांमुळे.

पावसाळा संपला की डहाणू-तलासरीतली अनेक कुटुंबे आजही मजुरीसाठी गाव सोडतात. धाकट्याला कडेवर घेतलेली मोठी बहीण कामाच्या ठिकाणी आजही दिसते. तिला शाळेत आणायचे, तर आधी तिच्या कडेवरच्या बाळाची सोय करावी लागते. कोसबाडच्या प्रयोगाने ते दाखवून दिले होते.